किल्ल्यांचा जुडगा परत केल्यानंतर

प्रश्न

ताई, नमस्कार. मी एका कारखान्यात ३४ वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यातली शेवटची १९ वर्षं मुख्य स्टोअरकीपर म्हणून. पाच महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, ताबा दिल्याची सही केली आणि बाहेर पडलो. अजूनही घराबाहेर पडताना हात उजव्या खिशाकडे जातो.

पैशाची ओढाताण नाही, तब्येत ठीक आहे. नोकरीत असताना नेहमी म्हणायचो, एकदा यातून मोकळा झालो की मनासारखं जगायचं. पहिल्या दोन महिन्यांत जलरंग आणले, बासरी आणली, दुर्बीण आणली, बुद्धिबळाची पुस्तकं आणली, एका परक्या भाषेचा वर्ग लावला. एकही गोष्ट पंधरा दिवसांपुढे टिकली नाही. सगळं कपाटात पडून आहे आणि मी ते कपाट उघडायचंच टाळतो. कुणी विचारलं, ‘मग, सध्या काय चाललंय?’ तर तोंडातून शब्द फुटत नाही.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून मी नव्याने लावले, प्रत्येकावर लेबल चिकटवलं. बायको काही बोलली नाही. दोन दिवसांनी बघतो तर लेबलं निघालेली आणि डबे जुन्या जागी.

रात्री झोप लागत नाही तेव्हा एकच विचार येतो. मला मुळात कशाचीच आवड नसेल तर? सगळं आयुष्य दुसऱ्याचा माल मोजण्यात गेलं आणि स्वतःचं असं आत काही साठलंच नाही, असं तर नाही ना?

— एक निवृत्त स्टोअरकीपर

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची व्यथा वाचली, दुसऱ्यांदा डब्यांचा प्रसंग, आणि तिसऱ्यांदा पत्राच्या मधल्या एका परिच्छेदापाशी थांबले. तो वर छापलेला नाही, मी मुद्दाम मागे ठेवला आहे. त्याच्याकडे येतेच. आधी या पाच महिन्यांबद्दल बोलू.

रॉबर्ट ॲचली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीला नव्याची नवलाई असते. माणूस भरभरून बेत करतो, वस्तू आणतो, वर्ग लावतो. मग ती नवलाई ओसरते आणि पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटू लागतं. त्यानंतर हळूहळू नवी घडी बसते. सगळ्यांच्या वाट्याला सगळे टप्पे याच क्रमाने येतात असं नाही. पण तुमच्या पत्रातले पहिले दोन महिने आणि नंतरचे तीन महिने या वर्णनात चपखल बसतात. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात. तो फार एकटा टप्पा असतो, कारण लोकांच्या लेखी तुम्ही अजून मजेत असता.

आणखी एक गोष्ट सांगते, ती वाचून मला स्वतःला फार धीर आला होता. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्य ढवळून काढणाऱ्या ४३ घटनांची यादी केली आणि नव्याने जुळवून घ्यायला किती बळ लागतं त्यानुसार प्रत्येक घटनेला गुण दिले. नोकरीवरून काढलं जाण्याला ४७ गुण आहेत. निवृत्तीला ४५. सन्मानाने, ताबा देऊन, निरोपाची भाषणं ऐकून बाहेर पडणं आणि अचानक काढलं जाणं यांत अंतर फक्त २ गुणांचं! तरी नोकरी गेलेल्याचं सांत्वन करायला माणसं येतात आणि निवृत्त झालेल्याला ‘मजा आहे बुवा तुमची’ म्हणतात. तुमचा हात उजव्या खिशाकडे जातो, ते दुःखच आहे. त्याला दुःख म्हणायला संकोचू नका. ३४ वर्षं जे वजन अंगावर होतं ते उतरलं की अंग ते शोधणारच.

माझंही तसंच झालं होतं. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. आमचा तास ३५ मिनिटांचा असायचा. निवृत्तीनंतर कित्येक आठवडे मी घरात बसल्या जागेवरून साधारण तेवढ्या वेळाने उठायचे. वाचत असले तरी उठायचे, कुणाशी बोलत असले तरी उठायचे. घंटा कुठे वाजत नव्हती, पण पाय निघायचे. या काळात मी गाण्याच्या वर्गाला नाव घातलं, कारण माझ्या मैत्रिणीने घातलं होतं. तीन महिन्यांनी सोडलं. मलाही तेव्हा वाटलं होतं, की आपण शिकवण्यापलीकडे कुणीच नाही.

मग एके दिवशी घरातल्या जुन्या शब्दकोशाची पाठ तुटली आणि पानं हातात आली. शाळेत मी मुलांची फाटकी पुस्तकं डिंक लावून, पट्टी चिकटवून द्यायची. तसंच करायला बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाच्या आत डोकावून पाहिलं. पानं सुटी नव्हतीच. कागदांच्या घड्या होत्या, एकीच्या पोटात एक घातलेल्या, आणि प्रत्येक घडीच्या मधोमध दोरा गेला होता. बांधणीवाले त्या घडीला जुज म्हणतात आणि त्या शिवणीला जुजबंदी. कागदालाही कल असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेने असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका दिशेने घडी घातली तर ती सरळ, मऊ पडते. दुसऱ्या दिशेने घातली तर कडेला तडकते. खळ लावली की कागद फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही, तंतूंना आडवा जास्त. म्हणून पुठ्ठ्याचा आणि कागदाचा कल जुळला नाही तर सुकल्यावर पुस्तकाचं कव्हर वाकतं. हे सगळं मला नंतर एका बांधणीवाल्याकडे बसून कळलं. त्या पहिल्या दिवशी मी फक्त उसवलेला दोरा बघत होते. वर पाहिलं तेव्हा अडीच तास झाले होते आणि मी एकदाही उठले नव्हते.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की माझी आवड मी शोधली नाही. ती माझ्या कामाच्या कडेला कधीपासून पडून होती. फाटकी पुस्तकं दुरुस्त करणं हा माझ्या लेखी शिकवण्यातला एक किरकोळ उपद्व्याप होता. त्यात मला गोडी आहे असं कुणी म्हणालं असतं तर मी मान्य केलं नसतं.

आता तुमचा तो परिच्छेद. तुम्ही लिहिलंय :

‘ट्रेमध्ये हात न घालता नुसता ट्रे हलवला तरी मला कळायचं, आत ८ चे बोल्ट आहेत की १० चे आणि साधारण किती उरलेत. थंडीत तेल घट्ट झालं की आवाज बोजड व्हायचा, तेवढं धरून चालायचं. एकदा नव्या मालाच्या ट्रेचा आवाज काही पटेना. उलटून बघितलं तर त्यात वीसेक बोल्ट दुसऱ्याच लांबीचे निघाले. पण हे आता कुणाच्या काय कामाचं?’

चार पानी पत्रात एवढ्या सहा ओळींत खाडाखोड नाही. बाकी सगळीकडे तुम्ही शब्द खोडलेत, वाक्यं अर्धवट सोडलीत. इथे हात सरळ चाललाय. ज्या माणसाला कशाची आवड नाही त्याला थंडीतल्या बोल्टचा आवाज आठवत नाही. स्टोअरकीपरला ट्रे मोजायचा पगार मिळतो, तो ऐकायचा मिळत नाही. ते ऐकणं तुमचं स्वतःचं होतं. बारीकसा फरक टिपायचा, तो लक्षात ठेवायचा, काहीतरी बदललंय हे इतरांच्या आधी ओळखायचं, यात तुमचा जीव रमतो. आणि तुम्ही आणलं काय? जलरंग, बासरी, बुद्धिबळ. निवृत्त माणसाने काय करावं याची जी यादी सगळ्यांच्या तोंडी असते, तिच्यातून आणलंत. त्यात तुम्ही कुठे होतात?

शिवाय पंधरा दिवस हा फार थोडा काळ आहे. मानसशास्त्रातल्या संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. रोज एक लहानशी नवी गोष्ट करायची आणि ती आपसूक व्हायला किती दिवस लागतात ते पाहायचं. सरासरीचा आकडा ६६ दिवसांच्या आसपास निघाला, पण माणसामाणसांत फरक मोठा होता, कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४ दिवसांपर्यंत. अधेमधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुम्ही पाच गोष्टी एकदम सुरू केल्यात आणि कुठलीच रुळायच्या आत सोडलीत. तेव्हा त्या कपाटावरून स्वतःची परीक्षा करू नका.

बासरी आणि रंग कुणाला तरी देऊन टाका. खरंच द्या, संकोच नको. बुद्धिबळाची पुस्तकं राहू द्यात. दुर्बीण मात्र ठेवा. तिच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की चार रात्री चंद्र पाहिला, मग ‘पुढे काय बघायचं कळेना’. मला वाटतं हा प्रश्न रास्त आहे. तुमच्यासारख्या माणसाला सुंदर देखावा पुरत नाही, त्याला नोंद हवी असते.

उत्तरेकडच्या आकाशात ययाती नावाचा तारकासमूह आहे, त्यात अल्गॉल नावाचा तारा आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होतो. सुमारे पाच तासांत त्याचं तेज जवळपास एक-तृतीयांशावर येतं आणि पुढच्या पाच तासांत पुन्हा पहिल्यासारखं होतं. तिथे खरं तर दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला कमी तेजाचा तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून गेला की आपल्याला प्रकाश कमी दिसतो. हे ठरावीक काळाने घडतं हे मोजून दाखवणारा जॉन गुडरिक तेव्हा १८ वर्षांचा होता, आणि लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हतं. १७८३ साली रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या विज्ञानसंस्थेने त्याला कोप्ली पदक दिलं. त्यासाठी त्याने वापरली एकच युक्ती. शेजारी न बदलणारे तारे असतात, त्यांच्याशी तुलना करायची : याच्यापेक्षा उजळ, त्याच्यापेक्षा मंद, मग या दोघांच्या मधे कुठे? नुसत्या डोळ्यांनी होतं. अल्गॉल सरावला की ज्यांना दुर्बीण लागते असे रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे, तारे शेकड्यांनी आहेत. हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करणारी एक संस्था १९११ पासून चालू आहे, अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स. जगभरातून कुणीही तिथे नोंदी पाठवू शकतं आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात, कारण सगळ्या ताऱ्यांवर रोज नजर ठेवणं मोठ्या वेधशाळांना जमत नाही.

म्हणजे तारीख, वेळ, किती होतं, किती झालं. हा रकाना तुम्हाला कुणी शिकवायला नको.

मी सांगितलं म्हणून तारेच बघा असं नाही. पक्ष्यांचे आवाज असतील, मातीतलं पाणी असेल, जुन्या घड्याळांची यंत्रं असतील. मला एवढंच म्हणायचंय की तुमच्या कानाला आणि नजरेला जे येतं, ते जिथे कामी येईल तिथे जाऊन बसा. रोज वीस मिनिटं आणि एक वही, बास. तीन महिने तरी प्रगती मोजू नका. कुणाला सांगूही नका. सांगितलं की लोक विचारतात, कुठवर आलं? मग आवडीचंही काम होऊन बसतं.

उशीर झालाय असं तुमच्या मनात आहे, शेवटच्या पानावर तसं लिहिलंत. मेरी डिलेनी नावाची एक इंग्रज बाई होती, जन्म १७०० चा. १७६८ साली तिचा नवरा वारला आणि ती खचून गेली. १७७२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तिला एक लाल कागदाचा तुकडा आणि जिरेनियमची पाकळी यांचा रंग हुबेहूब एकच दिसला. तिने कात्रीने कागदाची पाकळी कापली. पुढची दहा वर्षं ती काळ्या कागदावर रंगीत कागदांचे बारीक तुकडे चिकटवून फुलं करत राहिली, एकेका फुलाला कितीतरी तुकडे. नजर अधू झाली तेव्हा थांबली. तोवर ९८५ फुलं झाली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि वनस्पती ओळखता यावी इतकी ती अचूक आहेत. पण मला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही बाई तरुणपणापासून भरतकाम करत होती, कागदाच्या छायाकृती कापत होती, बागेत रमत होती. सत्तरीनंतर तिने नवीन असं थोडंच आणलं. हातांना जे आधीच येत होतं, ते सगळं एका ठिकाणी आलं.

आता घरातलं. तुम्ही डब्यांचा प्रसंग दोन ओळींत उरकलात, मला मात्र तो सगळ्यात जपून हाताळावा असा वाटतो. तुम्ही ३४ वर्षं सकाळी बाहेर पडत होतात. त्या काळात दिवसभराचं घर तुमच्या पत्नीच्या ताब्यात होतं. कुठला डबा खाली, कुठला हाताशी, कुठला मागे, ही तिची लावणी आहे आणि ती तिच्या हाताला पाठ आहे. तिला लेबल लागत नाही, जसं तुम्हाला ट्रेमध्ये हात घालावा लागत नसे. तिने येऊन तुमच्या स्टोअरचे ट्रे आपल्या मनाने हलवले असते तर तुम्हाला काय वाटलं असतं? ती भांडली नाही. तिने लेबलं काढली आणि डबे जागच्या जागी ठेवले, एवढंच तिचं बोलणं. ते ऐका.

आज संध्याकाळी तिला सरळ सांगा, की माझं चुकलं, तुला न विचारता मी हात घालायला नको होता. स्पष्टीकरण देत बसू नका. मग विचारा की दिवसातले कुठले तास तुला घर तुझं एकटीचं हवं आहे. तिला असे तास हवे असतील. ती सांगणार नाही कदाचित पहिल्यांदा, तुम्ही पुन्हा विचारा. ते तास तुम्ही बाहेर काढा, ग्रंथालयात, चालण्यात, कुठेही. आणि घरातलं एखादं काम पूर्णपणे अंगावर घ्या. ‘मदत करतो’ म्हणून तिच्या कामात लुडबूड नको. एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमचं, ते राहिलं तर जबाबदारी तुमची. निवृत्ती तुम्ही घेतलीत, तिची दिनचर्या मात्र न विचारता बदलली. याबद्दल तिच्याशी कुणी बोललेलं नसतं.

चालण्यावरून आठवलं. स्टोअरमध्ये दिवसभर पाय चालत होते, उचल-ठेव होत होती. ते सगळं एका दिवसात थांबलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि ६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही. झोपेचा निम्मा प्रश्न तिथे सुटेल अशी मला आशा आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर मन उदास राहत असेल, भूक मेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. ‘निवृत्तीत असं होतंच’ म्हणून ते अंगावर काढू नका.

‘सध्या काय चाललंय’ याचं उत्तर तुम्हाला सापडत नाही, कारण ३४ वर्षं ते एका शब्दात देता येत होतं. तो शब्द आता वापरात नाही आणि नवा अजून घडलेला नाही. तोवर खरं तेच सांगा : ‘अजून बसवतोय.’ विचारणारा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल तर बघा, तो खुर्ची ओढून जवळ बसेल.

राहिला तो रात्रीचा विचार, की आयुष्य दुसऱ्याचा माल मोजण्यात गेलं. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली लिहिलं की उतारवयात गेलेलं आयुष्य मनासमोर पुन्हा उलगडत येतं, ते स्वाभाविक आहे. त्याला म्हातारपणाचं चळणं समजू नये. त्यातून माणूस जुन्या गोष्टींची नीट लावणी करतो. तुमच्याकडे ती लावणी आत्ता चालू आहे, पण तुम्ही ती रात्री अंधारात करताय आणि अंधारात सगळंच तुटीत दिसतं. दिवसा करा, वहीत करा. ३४ वर्षांत ऐनवेळी भाग नाही म्हणून किती वेळा यंत्र बंद पडलं नाही, ते कुणीच नोंदवून ठेवलेलं नसणार, कारण न घडलेल्या गोष्टीचा रकाना रजिस्टरमध्ये नसतो. ज्या नव्या मुलांना तुम्ही ट्रे ऐकायला शिकवलंत, त्यांतल्या एकाचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय. मी ते छापत नाही. त्याला फोन करा. तो आता तो जुडगा सांभाळतोय असं तुम्हीच लिहिलंय; त्याला विचारायच्या चार गोष्टी असतीलच.

आणि मला पुन्हा पत्र पाठवा. त्यात ८ च्या बोल्टचा आवाज आणि १० च्या बोल्टचा आवाज यांत नेमका फरक काय असतो ते लिहा, थंडीतला आणि उन्हाळ्यातला वेगवेगळा. मला ते खरंच जाणून घ्यायचं आहे.